यंत्रांचा सोंगाड्या

जुन्नर तालुक्यातील येडगाव, नारायणगाव या भागात राहणाऱ्यांना सोंगाड्या म्हणजे कोण हे सांगावे लागत नाही. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. जत्रांचा हंगाम जवळ आला की गावोगावची मंडळी फड ठरवण्यासाठी तेथे येतात. वगात सोंगाड्या कधी हवालदार होतो, कधी सावकार, तर कधी राजाचा प्रधान. माणूस एकच, पण हवालदाराने जे जे करावे ते ते तो त्याच क्रमाने आणि नेमक्या वेळी करतो, म्हणून पाहणाऱ्याला तो हवालदारच वाटतो.

आता प्रश्न असा की, एक यंत्र दुसऱ्या यंत्राचे सोंग घेऊ शकेल काय? शिवणयंत्राला पिठाच्या गिरणीचे सोंग घेता येणार नाही, हे उघड आहे. संगणकाची गोष्ट मात्र निराळी आहे. हातात धरून खेळण्याचे लहान खेळसंच तुम्ही पाहिले असतील. १९७८ साली ज्या व्हिडिओ खेळासाठी कपाटाएवढे यंत्र लागत असे, तो खेळ अशा संचावर चालवता येतो. संच उघडून पाहिला तर जुन्या यंत्रातील एकही चिप आत सापडणार नाही. आत असते ती जुन्या यंत्राचे सोंग घेणारी एक आज्ञावली. तिला एम्युलेटर म्हणतात. हा सोंगाड्या आपले काम कसे करतो आणि त्याला लहानशा संचावर नेताना काय अडचणी येतात, हे आपण पाहू. याच खटपटीचे एक मोठे भावंड येडगावच्या परिसरातच, खोडद येथे आहे. त्याचीही ओळख पुढे करून घेऊ.

सोंग कोणाचे घ्यायचे?

उदाहरणासाठी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ घेऊ. जपानच्या तैतो कंपनीतील तोमोहिरो निशिकाडो यांनी तो १९७८ साली तयार केला. परग्रहवासीयांची पलटण पडद्यावर वरून खाली सरकत येते. खेळाडूने खालून तोफ डागून एकेकाला टिपायचे. या यंत्रात इंटेल ८०८० हा प्रोसेसर, म्हणजे आज्ञा एकामागून एक पाळणारी चिप होती. तिचे घड्याळ सेकंदाला २० लाख ठोके देई. संपूर्ण खेळाची आज्ञावली ८,१९२ बाइटांत मावत असे. तुम्ही वाचत असलेला हा लेख संगणकात साठवला तर तो याहून अधिक जागा अडवील!

प्रोसेसरखेरीज या यंत्रात आणखी काही मंडळी होती. चित्र काही ठिपके डावीउजवीकडे सरकवण्याचे गणित ८०८० ला सावकाश जमे, म्हणून त्यासाठी एक स्वतंत्र चिप होती. तोफेचे व स्फोटाचे आवाज काढायला वेगळी विद्युत मंडले होती. खेळाची आज्ञावली या सर्वांना गृहीत धरूनच लिहिलेली होती. तेव्हा सोंग घ्यायचे ते एकट्या प्रोसेसरचे नव्हे, तर या साऱ्या बिऱ्हाडाचे. आवाजाच्या मंडलांचे सोंग तर इतके अवघड होते, की सुरुवातीच्या एम्युलेटरांत मूळ यंत्राचे आवाज ध्वनिमुद्रित करून तेच वाजवले जात.

कागदावरचा सोंगाड्या

एम्युलेटर कसा चालतो हे समजून घेण्यासाठी संगणकाची गरज नाही. कागद-पेन्सिल घ्या. आपण एक छोटे काल्पनिक यंत्र ठरवू. त्याच्याजवळ एकच पाटी आहे. तिच्यावर एक संख्या लिहिता येते. त्याला चार आज्ञा कळतात:

१ : पुढच्या घरातील संख्या पाटीवर लिही.
३ : पुढच्या घरातील संख्या पाटीवरच्या संख्येतून वजा कर.
४ : पाटीवर शून्य नसेल तर पुढच्या घरात लिहिलेल्या क्रमांकाच्या घरी जा, शून्य असेल तर तशीच पुढची आज्ञा घे.
० : थांब.

आता सात घरे आखा, त्यांना ० ते ६ क्रमांक द्या आणि त्यांत क्रमाने हे आकडे भरा: १, ५, ३, १, ४, २, ०. शून्य क्रमांकाच्या घरापासून सुरुवात करा. पहिली आज्ञा १. म्हणजे पुढच्या घरातले ५ पाटीवर लिहा. पुढची आज्ञा ३. म्हणजे १ वजा करा, पाटीवर ४ उरले. पुढची आज्ञा ४. पाटीवर शून्य नाही, म्हणून क्रमांक २ च्या घरी परत जा. असे करीत गेलात की पाटीवर शून्य येईल आणि तुम्ही थांबाल. एकंदर आज्ञा किती पाळल्या? मोजून पाहा. पहिली एक, वजाबाकी पाच वेळा, ‘परत जा’ची तपासणी पाच वेळा आणि शेवटची एक, अशा बारा.

हे यंत्र जगात कोठेही नाही. तरीही त्याची आज्ञावली आत्ता चालली, कारण त्याचे सोंग तुम्ही घेतले होते. एम्युलेटर नेमके हेच करतो: पुढचा आकडा उचलतो, त्याचा अर्थ नियमांच्या यादीत पाहतो, त्याप्रमाणे करतो आणि पुढे सरकतो. ८०८० च्या आज्ञांची यादी मोठी आहे इतकेच. जे यंत्र नियमांनी चालते त्याचे नियम लिहून काढता येतात, आणि ते नियम पाळू शकणारे दुसरे यंत्र पहिल्याचे काम करू शकते. ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली, म्हणजे आजच्या अर्थाने संगणक बनण्यापूर्वीच, हे सिद्ध करून ठेवले होते.

वेळेचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. यंत्रांच्या बाबतीत पैशाच्या जागी वेळ घाला. वरची बारा आज्ञांची आज्ञावली चालवायला तुम्हाला मिनिटभर लागले असेल. ८०८० च्या साध्यातील साध्या आज्ञेला ४ ठोके आणि सर्वांत लांब आज्ञेला १८ ठोके लागतात. सरासरी ८ धरले तर तो सेकंदाला अडीच लाख आज्ञा पाळतो. बरोबर उत्तर काढणे तुम्हाला जमले, वेग मात्र जमला नाही. आणि खेळात वेग चुकला की सारेच चुकते.

स्पेस इन्व्हेडर्समध्ये ११ जणांच्या ५ रांगा, म्हणजे ५५ परग्रहवासी असतात. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवला जातो, आणि दर खेपेला त्यांतला एकच जण एक पाऊल सरकतो. सर्व ५५ जण जिवंत असतील तर प्रत्येकाची पाळी ५५/६० सेकंदांनी, म्हणजे सुमारे ०.९ सेकंदाने येते. निम्मे मारले की पाळी दुप्पट लवकर येते. शेवटचा एकच उरला की तो सेकंदाला ६० पावले टाकत धावत सुटतो! पलटण कमी होत जाईल तसतशी ती चवताळते, असे खेळणाऱ्याला वाटते. मुळात हा जुन्या प्रोसेसरच्या मर्यादित शक्तीचा परिणाम होता. निशिकाडो यांनी तो तसाच ठेवला, आणि तीच खेळाची खरी गंमत ठरली.

म्हणून एम्युलेटरला आज्ञांबरोबर ठोकेही मोजावे लागतात. २० लाख भागिले ६० म्हणजे पडद्याच्या एका चित्रामागे सुमारे ३३,३३३ ठोके. मूळ यंत्रात पडदा अर्धा रंगला की प्रोसेसरला एक इशारा मिळे आणि पूर्ण रंगला की दुसरा. एम्युलेटरही साधारण १६,६६७ ठोक्यांच्या आज्ञा पाळून झाल्या की पहिला इशारा देतो आणि तितक्याच आणखी झाल्या की दुसरा. मग चित्र रंगवतो, आणि सेकंदाचा साठावा भाग संपेपर्यंत स्वस्थ बसतो. हे बसणेही तितकेच महत्त्वाचे आहे. न थांबता धावू दिले तर आजच्या संगणकावर हा खेळ डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपेल.

नव्या वावरात जुने रोप

एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या जातीच्या यंत्रावर चालेल अशी करून घेणे, याला पोर्ट करणे म्हणतात. कांद्याचे रोप एका वाफ्यातून काढून दुसऱ्या वावरात लावताना माती आणि पाणी पाहावे लागते, तसेच हे. १९९७ साली इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ नावाचा एम्युलेटर प्रसिद्ध केला. पुढे जगभरच्या हौशी लोकांनी त्यात भर घालून हजारो जुन्या खेळयंत्रांची सोंगे जमवली. हा एम्युलेटर मोठ्या संगणकासाठी होता. २००५ साली कोरियात ‘जीपी२एक्स’ नावाचा हातात मावणारा खेळसंच निघाला आणि हौशी मंडळींनी मेम त्यावर नेला. तेव्हाच्या अडचणी पाहिल्या म्हणजे पोर्ट करणे ही काय चीज आहे हे कळते.

या संचात सेकंदाला २० कोटी ठोक्यांचे दोन प्रोसेसर होते. एकच जरी वापरला तरी ८०८० च्या दर आज्ञेमागे ८०० ठोके हाताशी येतात. ही चैन झाली! पण १९९१ चा ‘स्ट्रीट फायटर २’ घ्या. त्याच्या यंत्रात सेकंदाला एक कोटी ठोक्यांचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. शिवाय आवाजासाठी दुसरा प्रोसेसर आणि चित्रासाठी खास चिपा. येथेही आज्ञेला सरासरी ८ ठोके धरले तर दर आज्ञेमागे १६० ठोकेच उरतात. त्यांतच आवाज तयार करायचा आणि सेकंदाला ५० लाखांहून अधिक ठिपक्यांचे चित्रही रंगवायचे.

दुसरी अडचण पडद्याची. मूळ चित्र ३८४ ठिपके रुंद, तर संचाचा पडदा ३२० ठिपके रुंद. म्हणजे दर सहा ठिपक्यांचे पाच करायचे. सहावा ठिपका नुसता गाळला तर कोठे एखादी उभी बारीक रेघच नाहीशी होते, कोठे अक्षराचा पाय तुटतो. म्हणून शेजारच्या ठिपक्यांचे रंग मिसळावे लागतात, आणि त्यालाही ठोके खर्च होतात.

तिसरी अडचण मोठी मजेदार आहे. ‘पंचवीस’ म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, पण २५ लिहिताना २ आधी लिहितो. ६८००० हा प्रोसेसर संख्येचा मोठा भाग स्मृतीत आधी ठेवतो, तर या संचातील प्रोसेसर लहान भाग आधी ठेवतो. सोंग घेताना दर वेळी ही उलटापालट सांभाळली नाही तर २५ चे ५२ होतात!

चौथी अडचण अपूर्णांकांची. संचातील प्रोसेसरला अपूर्णांकांचे गणित करणारा स्वतंत्र भाग नव्हता. आवाजाच्या गणितात तर अपूर्णांक पदोपदी येतात. यावर उपाय वाण्याच्या दुकानातला: ३.७५ रुपयांऐवजी ३७५ पैसे म्हणायचे आणि सारा हिशेब पूर्णांकांत करायचा.

एवढे करूनही वेळ कमी पडला तर शेवटचा मार्ग म्हणजे मधली काही चित्रे रंगवायचीच नाहीत. डोळा ते बरेच खपवून घेतो. कान मात्र खपवून घेत नाही. आवाज क्षणभर तुटला तरी लगेच कळते.

दुभाष्या की भाषांतर?

वेळ वाचवण्याचा आणखी एक मार्ग आहे. दुभाष्या समोरच्याचे वाक्य ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत सांगतो. तेच वाक्य शंभर वेळा आले तर तो शंभर वेळा भाषांतर करतो. आपला कागदावरचा सोंगाड्या असाच होता. त्याऐवजी आज्ञावलीचा एखादा भाग प्रथम आला तेव्हाच त्याचे नव्या प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करून ठेवले, तर पुढच्या खेपांना ते नुसते वाचायचे. याने वेग पुष्कळ वाढतो. मात्र स्मृती जास्त लागते, आणि खेळाने स्वतःचीच आज्ञावली मध्येच बदलली तर जुने भाषांतर टाकून द्यावे लागते.

याहून धीट मार्ग म्हणजे, जुन्या चिपेच्या आत काय घडते ते सोडून द्यायचे आणि तिच्याकडून जे काम होत असे तेवढे आपल्या पद्धतीने करायचे. हवालदाराच्या सोंगाला खरी बंदूक लागत नाही, तसेच हे. येथून खोडदचा रस्ता फार लांब नाही.

खोडदची दुर्बीण

कुकडी नदीवरील येडगाव धरणाच्या परिसरातच खोडद हे गाव आहे. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतील १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरात आणि १६ तीन भुजांवर दूर पसरलेल्या. टोकाच्या तबकड्यांमधील अंतर २५ किलोमीटरपर्यंत जाते.

आकाशाचे चित्र मिळवायचे तर प्रत्येक तबकडीचा संदेश दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी गुणून पाहावा लागतो. ३० तबकड्यांच्या जोड्या किती? ३० × २९ ÷ २, म्हणजे ४३५. हे काम करणाऱ्या यंत्राला कोरिलेटर म्हणतात. खोडदचा मूळ कोरिलेटर याच कामासाठी घडवलेल्या खास चिपांचा होता. पुढे तेथील शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम बाजारात मिळणाऱ्या ४८ साध्या संगणकांच्या ताफ्यावर केवळ आज्ञावलीने करून दाखवले. त्याचे वर्णन २०१० साली प्रसिद्ध झाले. काटेकोरपणे पाहता हे एम्युलेशन नव्हे, कारण जुन्या चिपांच्या आज्ञा येथे एकेक करून पाळल्या जात नाहीत. पण चिपांचे काम आज्ञावलीने अंगावर घेणे, आणि तेही नेमक्या वेळात, हा पेच दोन्हीकडे सारखाच आहे.

हा पेच केवढा होता ते पाहा. तरंगपट्टा ३३ मेगाहर्ट्झचा असेल तर संदेशाची नोंद सेकंदाला निदान ६.६ कोटी वेळा घ्यावी लागते. प्रत्येक तबकडीचे दोन संदेश, म्हणजे एकूण ६०. गुणाकार करा: सेकंदाला ३९६ कोटी नोंदी. संगणकाच्या स्मृतीत थोडा साठा करता येतो, पण येथे येडगावचे धरण डोळ्यांपुढे आणा. येणारे पाणी सोडलेल्या पाण्याहून सतत अधिक असेल, तर धरण केवढेही असो, ते भरून वाहणारच. खेळाचा एम्युलेटर मागे पडला तर खेळ मंदावतो. येथे मात्र आकाश थांबत नाही. वाहून गेलेला संदेश पुन्हा मिळत नाही.

लाभ काय झाला? नियम बदलायचा तर नवी चिप घडवावी लागत नाही, आज्ञावली बदलली की पुरे. पृथ्वीवरील रेडिओ गोंगाट ओळखून गाळण्याच्या नव्या युक्त्याही त्यामुळे वापरता आल्या. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि तरंगपट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. आता सेकंदाला नोंदी किती? ८० कोटी × ६०, म्हणजे ४,८०० कोटी! हा भार पेलण्यासाठी संगणकांच्या जोडीला ग्राफिक प्रोसेसर घेतले गेले. ही चिपांची जात मुख्यतः व्हिडिओ खेळांची चित्रे झपाट्याने रंगवण्यासाठी वाढली. हजारो ठिपक्यांवर एकच गणित एकाच वेळी करणे हा तिचा हातखंडा. ४३५ जोड्यांचे गुणाकारही तसेच असतात. अशा रीतीने खेळांच्या पडद्यासाठी वाढलेली चीज आज खोडदला ताऱ्यांचा हिशेब करते आहे.

हा खटाटोप कशासाठी?

एम्युलेटर हे केवळ खेळगड्यांचे वेड नव्हे. १९६४ साली आयबीएम कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ हे नवे संगणक जाहीर केले, तेव्हा ग्राहकांचे सारे हिशेब जुन्या यंत्रांच्या आज्ञावलींत होते. ते फुकट जाऊ नयेत म्हणून नव्या मालिकेतील काही संगणकांत जुन्या यंत्राचे सोंग घेण्याची सोय करावी लागली. चिपा जळतात, चकत्या खराब होतात, कारखाने ते भाग बनवणे बंद करतात. आज्ञावलीचे आकडे मात्र उतरवून घेता येतात. ते वाचणारे यंत्र नसेल तर ते आकडे मुके होतात.

आपल्या मराठीलाही हा प्रश्न लागू आहे. सर्व लिप्यांसाठी एकच युनिकोड पद्धती रूढ होण्यापूर्वी, १९९० च्या दशकात मराठी मजकूर निरनिराळ्या अक्षरसंचांच्या स्वतःच्या सांकेतिक आकड्यांत साठवला जाई. अशी एखादी जुनी फाइल आज उघडली तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग येते. ती वाचायला त्या आकड्यांचे कोष्टक हवे, नाहीतर जुनी आज्ञावली हवी. आणि ती आज्ञावली चालवायला जुना संगणक किंवा त्याचे सोंग हवे. लेखकाचा कागद वाळवीने खाल्ला तर आपण हळहळतो. येथे कागद शाबूत आहे, पण वाचणारा हरवतो आहे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. सोंगाड्या मोकळा असला तरी खेळाचा मालक कोणी दुसरा असतो. आपल्या देशाचा १९५७ चा प्रताधिकार कायदा आज्ञावलींनाही संरक्षण देतो. तेव्हा दुसऱ्याच्या खेळाची नक्कल परवानगीशिवाय वाटू नये.

करून पाहा

(१) आपल्या कागदी यंत्राला ‘२ : पुढच्या घरातील संख्या पाटीवर मिळव’ ही आज्ञा शिकवा. मग केवळ बेरीज वापरून पाटीवर ३५ आणून थांबणारी आज्ञावली लिहा. कमीत कमी किती घरांत ती बसते?

(२) वर्गातील दोघांनी तीच आज्ञावली स्वतंत्रपणे चालवावी. तिसऱ्याने घड्याळ लावून दर दहा सेकंदांना एकच टाळी द्यावी आणि टाळीवर दोघांनी आपल्या पाटीवरची संख्या मोठ्याने सांगावी. दोघांचे शेवटचे उत्तर तेच येईल. पण प्रत्येक टाळीला आकडे जुळतात का? ते जुळवण्यासाठी काय नियम करावा लागेल, याचा विचार करा. एम्युलेटर पोर्ट करणाऱ्यांचा बराचसा वेळ याच प्रश्नात जातो.